जलपर्णीचे टन आणि नदीचा तळ

उन्हाळा तोंडावर आला की बदलापूर ते कल्याण या पट्ट्यातल्या स्थानिक बातम्यांत एक बातमी ठरलेली असते. उल्हास नदी पुन्हा जलपर्णीने झाकली गेली. मग काठावर पोकलेन येतो, त्याच्या पंजातून लोंबते हिरवे पुंजके डंपरमध्ये पडतात, फोटो छापला जातो आणि फोटोखाली आकडा असतो, इतके टन जलपर्णी काढली. आकडा मोठा असला की काम झाल्यासारखं वाटतं. तो सभेत सांगायला बरा, बिलात लिहायला सोपा आणि वाचकालाही चटकन कळणारा. पण नदीचं काय झालं, हे त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

जलपर्णीच्या ओल्या वजनात साधारण ९५ टक्के पाणी असतं. दहा टनांचा डंपर भरून गेला, तर त्यात वनस्पती म्हणावी असा ऐवज जेमतेम अर्धा टन. बाकीचं पाणी, नदीतून उचलून रस्त्याने मिरवत नेलेलं. पुंजका काठावर तासभर निथळू दिला तर वजन एक भरतं, लगेच उचलला तर दुसरंच. म्हणूनच पाणवनस्पतींचे अभ्यासक कोरडं वजन धरतात. ठरावीक मापाच्या चौकटीतली झाडं उपटायची, मुळांचा चिखल धुवायचा, वजन घटायचं थांबेपर्यंत भट्टीत सुकवायची आणि मग तराजूवर ठेवायची. आकडा येतो तो दर चौरस मीटरला इतके ग्रॅम असा. बातमीच्या मथळ्यात तो शोभणार नाही, पण मागच्या महिन्याच्या आकड्याशी त्याची तुलना करता येते. टनांची तुलना कशाशीच होत नाही.

कोरडं वजन हाताशी आलं की नदीचा खरा ताळेबंदही मांडता येतो. सुकलेल्या जलपर्णीत नायट्रोजन ढोबळमानाने दोन टक्के धरला, तर शंभर टन ओली जलपर्णी काढल्यावर नदीबाहेर गेलेला नायट्रोजन भरतो शंभर किलोच्या आसपास. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाकाठी दहा-बारा ग्रॅम नायट्रोजन पडतो. म्हणजे वर्तमानपत्रात मिरवणारी शंभर टनांची कामगिरी ही दहा हजार माणसांच्या फक्त एका दिवसाच्या सांडपाण्याइतकी. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात. तिन्ही मिळून नऊ लाखांच्या पुढे, आणि तेव्हापासून इमारती किती उभ्या राहिल्या हे लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. या जुन्या आकड्यावरही दिवसाला नऊ टन नायट्रोजन होतो. त्यातल्या बऱ्याच सांडपाण्यावर प्रक्रिया होते, काही परस्पर खाडीला जातं, म्हणून पावच हिस्सा नदीत पडतो असं धरलं, तरी तो जलपर्णीच्या रूपाने परत काढायला रोज दोन हजार टनांवर उपसा करावा लागेल. ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, फक्त ती काढत राहा’ हा युक्तिवाद या गणितापुढे टिकत नाही.

दुसरी बाब वाढीच्या वेगाची. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पेनफाउंड आणि अर्ल या दोघांनी १९४८ साली जलपर्णीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ती साधारण अकरा ते अठरा दिवसांत दुप्पट होते असं आढळलं. पंधरा दिवस धरू. नदीवरची नव्वद टक्के जलपर्णी काढली तर राहिलेल्या दहा टक्क्यांना पुन्हा पूर्ण चादर अंथरायला लागतात पन्नास दिवस. निम्मीच काढली तर पंधरा. हे सावकारी व्याजासारखं आहे. मुद्दलातला मोठा हिस्सा फेडूनही दर तोच राहिला तर खातं पुन्हा तिथेच येतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नदी ‘मुक्त’ झाल्याचा समारंभ झाला, तर मार्चअखेरीस तीच नदी पुन्हा झाकलेली दिसण्यात आश्चर्य काहीच नाही. त्यात जलपर्णीचं बी तळाच्या गाळात वीस-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. म्हणून मोजायला हवा तो वेग, आणि वेगासाठी एक आकडा पुरत नाही. दोन तारखांचे दोन आकडे लागतात.

इथवरचं सगळं पृष्ठभागाबद्दल झालं. खरी गोष्ट त्याच्या खाली आहे, आणि ती कुणीच मोजत नाही.

महाराष्ट्राच्या नद्या-तळ्यांत पाण्याखाली राहणाऱ्या वनस्पतींची एक वेगळीच वस्ती असते. हायड्रिला, सेराटोफायलम, पोटॅमोजेटॉनच्या जाती, रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया. मत्स्यालय पाळणाऱ्यांना यातली दोन-तीन नावं तोंडपाठ असतात. ही शैवालं नव्हेत, फुलं येणाऱ्या वनस्पती आहेत. व्हॅलिस्नेरियाची तर तऱ्हाच न्यारी. तिची नर फुलं तळाशी सुटी होऊन बुडबुड्यांसारखी वर येतात आणि पृष्ठभागावर तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात. परागण झालं की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळून फळाला पुन्हा खाली ओढून घेतो. या वनस्पती दिवसा पाण्यातच प्राणवायू सोडतात, गाळ धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आडोसा देतात. त्यांना जगायला तळापर्यंत उजेड लागतो, आणि जलपर्णीची चादर पहिला घाला घालते तो उजेडावरच. चादर पूर्ण पसरते तोवर खालची वस्ती संपत आलेली असते. तरीही नोंद सुरू होते ती चादरीपासून.

इथल्या नद्यांचा भूगोलही समजून घ्यायला हवा. उल्हास ही उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी नाही. टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ पासून आंध्रा तलावाचं पाणी घाटाखाली उतरवतं आणि वीज करून झाल्यावर ते पाणी उल्हासच्या खोऱ्यात सुटतं. पुढे एमआयडीसीच्या बारवी धरणाचं पाणीही तिला येऊन मिळतं. या बारमाही पाण्यावर बदलापूरच्या बंधाऱ्यापासून जांभूळ, शहाड, मोहिलीपर्यंत ठिकठिकाणी पंप बसलेत आणि लाखो लोकांचे नळ चालतात. बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं, वरच्या गावांचं सांडपाणी त्यात खत घालतं, आणि पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत जलपर्णीला हवं तसं शेत तयार होतं. मग जून-जुलैत पूर येतो. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्याने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवून हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढायची वेळ आणली होती. असा पूर जलपर्णी एका फटक्यात खाडीकडे ढकलतो. ठेकेदाराने वर्षभरात जे केलं नसेल ते नदी दोन दिवसांत करते, आणि त्याचं वजन कुणी करत नाही!

वालधुनीची तऱ्हा निराळी. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या बाजूने ती निघते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. तिथून उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ओलांडून ती कल्याणपाशी उल्हासच्या खाडीला मिळते. विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरणाऱ्या कित्येकांना ती नदी आहे हेच ठाऊक नसतं. तिचा उल्लेख बहुतेक वेळा नाला असाच होतो. तिच्या पाण्याखालच्या वनस्पतींची गोष्ट काढणं कुणाला थट्टा वाटेल. तिच्याकडे पुढे येऊ.

सरकार नदीची तब्येत तपासत नाही असं मात्र नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग ठरवले आहेत. प्रक्रिया करून पिण्यासाठी वापरायचं पाणी सी वर्गात बसायचं तर विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू ६ ते ९ आणि शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू पाच हजारांपर्यंत, एवढं जुळलं की झालं. या वर्गवारीत वनस्पतींचं नाव नाही. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे फॉस्फरसचंही नाही, आणि नदी हिरवी करण्यात त्याचाच हात सर्वांत लांब. किडे-अळ्यांवरून पाण्याची प्रत ओळखायची एक जैविक पद्धतही मंडळाने बसवलेली आहे, पण प्रदूषित पट्ट्यांची यादी लागते ती बीओडीच्या जोरावर. २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ पट्टे होते आणि त्यांतले ५३, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच.

प्राणवायूच्या आकड्याची एक गंमत आहे, आणि ती नदीकाठच्या माणसाला माहीत असलेली बरी. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण श्वास चोवीस तास घेतात. त्यामुळे पाण्याखाली भरपूर वाढ असलेल्या संथ डोहात दुपारी दोन वाजता प्राणवायू इतका असतो की तो पाण्यात मावत नाही, आणि त्याच डोहात पहाटे पाच वाजता मासे तोंड वर काढून धापा टाकत असतात. दुपारच्या नमुन्यावर नदी उत्तीर्ण, पहाटेच्या नमुन्यावर नापास. हॉवर्ड ओडम या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९५६ साली हीच अडचण उपयोगाला लावली. दिवसरात्र प्राणवायू मोजत राहायचं, चढउताराचा आलेख काढायचा, हवेशी होणारी देवाणघेवाण वजा करायची. दिवसाच्या चढावरून वाढीचा वेग कळतो, रात्रीच्या उतारावरून श्वासाचा. म्हणजे एकही झाड न उपटता अख्ख्या नदीच्या तुकड्याची वाढ मोजता येते. आज यासाठी लागणारं प्राणवायूचं यंत्र पाण्यात सोडून दर दहा मिनिटांनी नोंद घेतं. इथल्या जुन्या नोंदी एका वेळच्या बाटलीवर बेतलेल्या आहेत, आणि बाटली भरली जाते ती साहजिकच दिवसाउजेडी.

वनस्पती प्रत्यक्ष मोजायच्या तर साधनं तितकी महागही नाहीत. पहिलं साधन दीडशे वर्षांहून जुनं आहे. अँजेलो सेक्की हा इटालियन पाद्री खगोलशास्त्रज्ञ होता. १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात त्याने पांढरी तबकडी सोडली आणि ती कुठल्या खोलीला दिसेनाशी होते ते लिहून ठेवलं. आज तळ्यांसाठी वापरतात ती तबकडी वीस सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची. दोरीवर खुणा करायच्या, नावेच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडायची, नाहीशी होते तिथे एकदा वाचायचं, वर ओढताना पुन्हा दिसते तिथे दुसऱ्यांदा, आणि दोन्हींची सरासरी धरायची. पॅट्रिशिया चेंबर्स आणि जेकब कॅल्फ यांनी १९८५ मध्ये तळ्यांच्या नोंदींवरून दाखवलं, की या एका आकड्यावरून वनस्पती किती खोलीपर्यंत रुजू शकतील याचा अंदाज बांधता येतो. तबकडी एका मीटरवर नाहीशी होत असेल तर फुलझाडं सुमारे दोन मीटरपर्यंत रुजतील. अर्ध्या मीटरवर होत असेल तर एका मीटरपर्यंतच. त्यांची बहुतेक तळी थंड प्रदेशातली होती, तेव्हा इथल्या नद्यांसाठी हे सूत्र पडताळून घ्यावं लागेल. पण पडताळायला लागणारं साहित्य म्हणजे एक तबकडी आणि एक दोरी.

दुसरं साधन दंताळं. दोन दंताळी पाठीला पाठ लावून बांधायची, दोर लावून पाण्यात फेकायची, तळाला टेकू द्यायची आणि सावकाश ओढायची. दातांत काय आलं, किती जाती, दाते थोडे भरले, निम्मे की गच्च, एवढं लिहायचं आणि पुढच्या ठिकाणी जायचं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात तळ्यावर नकाशाने ठरवलेल्या शेकडो बिंदूंवर हेच केलं जातं. पद्धत ओबडधोबड आहे खरी, दाटीचा फक्त अंदाज देते. पण दर वर्षी त्याच बिंदूंवर, त्याच महिन्यात, तेच दंताळं पडलं की ओबडधोबड आकडेही बोलू लागतात. नेमकेपणा हवा तिथे अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट तळावर ठेवून आतलं सगळं कापून आणायचं, आणि पुढचं काम भट्टी आणि तराजूचं. पान किती वाढलं हे बघायचं असेल तर त्याहून नाजूक युक्ती आहे. समुद्री गवताचा अभ्यास करणारे पानाच्या बुडाशी सुईने भोक पाडतात. अशी पानं खालून वाढतात, त्यामुळे काही दिवसांनी पाहिलं तर भोक वर सरकलेलं असतं. ते जेवढं सरकलं तेवढी वाढ. व्हॅलिस्नेरियाच्या रिबिनीही बुडापासूनच वाढतात.

उपग्रह असताना नावेत बसून दंताळं कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल. युरोपचे सेंटिनेल-२ हे जोडउपग्रह दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या बारकाव्याने पृथ्वी टिपतात आणि ती चित्रं फुकट मिळतात. उल्हासवरच्या जलपर्णीचं क्षेत्र त्यांवरून मोजायला भूगोलाच्या पदवीधराला एक संगणक पुरतो, आणि ते टनांपेक्षा कितीतरी पटीने प्रामाणिक मोजमाप होईल. पण उपग्रह हिरवाई ओळखतो ती जवळच्या अवरक्त किरणांवरून. तरंगत्या पानावरून ते भरपूर परततात. पाणी मात्र ते वरच्या थोड्याशा थरातच शोषून घेतं. त्यामुळे तळाशी पसरलेली व्हॅलिस्नेरिया उपग्रहाला फारशी दिसत नाही, आणि गढूळ नदीत तर मुळीच नाही. जी हिरवाई नदीला मारते ती अवकाशातूनही ठळक दिसते. जिच्यावरून नदी जिवंत असल्याचं कळतं तिला बघायला पाण्यात उतरावं लागतं. मासे शोधायच्या ध्वनियंत्राने पाण्याखालच्या झाडांची उंची मोजता येते, मोठ्या जलाशयांत ते सोयीचंही आहे, पण उथळ, कचऱ्याने भरलेल्या पात्रात दंताळंच बरं.

असं मोजमाप धोरणाच्या मध्यभागी आणून बसवल्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या चेसापीक उपसागराचं. तिथली व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स १९८४ पासून जवळपास दर वर्षी हवाई छायाचित्रांवरून पाण्याखालच्या गवताचं क्षेत्र काढते. भोवतालच्या राज्यांनी १,८५,००० एकर गवत हे उद्दिष्ट मानलं होतं. सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस किती घटला याची परीक्षा तिथे गवताच्या एकरांत होते. २०१८ मध्ये हे क्षेत्र एक लाख एकरांच्या पुढे होतं आणि अतिवृष्टीच्या वर्षानंतर, २०१९ मध्ये, साधारण ६६ हजारांवर घसरलं. घसरण लपवली गेली नाही, कारण पस्तीस वर्षांच्या आकड्यांच्या रांगेत ती बसवून दाखवता येत होती. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणी निर्देशातही नद्या-तळ्यांची प्रत ठरवताना वनस्पतींची नोंद घेणं बंधनकारक आहे.

आता आक्षेप. इथे नदीत रासायनिक टँकर ओतले जातात आणि तुम्ही गवत मोजायला सांगता? आक्षेप वजनदार आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वडोल गावाजवळ वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि त्यातून उठलेल्या विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं, २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्रं आणि स्थानिक संस्थांवर कोट्यवधींचा भार टाकला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली. या लढाईपुढे दंताळं आणि तबकडी खेळण्यासारखी वाटतात.

पण न्यायालयात अडतं कुठे ते बघा. एक बाजू म्हणते पाणी सुधारलं, दुसरी म्हणते बिघडलं, आणि दोघांकडेही त्या-त्या दिवशीची बाटली असते. बाटली सांगते नमुना घेतला त्या क्षणाचं. रात्री सोडलेलं रसायन सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं आणि बाटलीला त्याचा पत्ता नसतो. तळाला रुजलेल्या वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. महिनाभरात पाण्यातून काय काय गेलं ते सगळं तिच्या वाट्याला आलेलं असतं. कुठल्या बंधाऱ्याखाली कोणत्या जाती होत्या आणि कोणत्या उरल्या, ही नोंद दहा वर्षांची असती तर ‘पूर्वी नदी चांगली होती’ हे आजोबांच्या आठवणींवर सोडावं लागलं नसतं. सांडपाणी आधी थांबवा हे बरोबरच. ते थांबलं की नाही याची खूण मात्र तळाशीच उमटायची.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि जास्त टोकदार आहे. पाण्याखालची वाढ म्हणजे चांगलीच, असं कुठे आहे? हायड्रिला आपल्याकडची रहिवासी, पण १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांची डोकेदुखी झाली. आपल्याकडेही कालव्यात ती माजली की पाणी पुढे सरकत नाही. हे मान्यच करायला हवं, आणि म्हणूनच ‘किती’बरोबर ‘काय’ आणि ‘कुठे’ लिहावं लागतं. दहा बिंदूंवर चार-पाच जाती थोड्या-थोड्या असतील तर तो एक डोह. दहाही बिंदूंवर एकच जात गच्च असेल तर दुसराच. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी १९९३ पासून मांडलेला विचार इथे कामाचा आहे. उथळ तळं दोन स्थिर अवस्थांत राहू शकतं, एक नितळ आणि तळाशी वनस्पती असलेली, दुसरी गढूळ आणि शैवालाची. पहिलीतून दुसरीत घसरायला फार वेळ लागत नाही. उलट यायला मात्र खत किती कमी करावं लागतं, तर घसरताना होतं त्याच्याही खूप खाली. हा कडेलोट जवळ आला की सगळ्यात आधी विरळ होतात त्या तळाच्या वनस्पती, आणि बीओडीचा आकडा तोवर बराही दिसू शकतो.

हे ध्यानात ठेवून फवारणीच्या उपायाकडे बघावं. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा जलसंवर्धन तंत्रा’ने २०२१ च्या सुमारास उल्हासवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारून जलपर्णी मारण्याचा प्रयोग झाला. यंत्राने उपसण्यापेक्षा तो स्वस्त आहे आणि झाकलेला पृष्ठभाग मोकळाही होतो. पण मेलेली जलपर्णी जाते कुठे? जागेवरच कुजून तळाला. तिच्यातला नायट्रोजन-फॉस्फरस नदीतच राहतो आणि कुजताना प्राणवायू खर्ची पडतो. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले, आणि ही नदी पिण्याची आहे. तंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही मुद्दे असतील. ते तपासायचे तर फवारणीआधी आणि नंतर पहाटेचा प्राणवायू, तबकडीची खोली आणि दंताळ्यातल्या जाती हवेत, निदान दोन हंगामांच्या. मोकळं पाणी दाखवणाऱ्या फोटोवरून हा वाद कुठल्याच बाजूने सुटत नाही. फोटोतल्या मोकळ्या पाण्याखाली व्हॅलिस्नेरिया परतली की शैवालाचा हिरवा काढा झाला, हे फोटोत येत नाही.

आता वालधुनी. विठ्ठलवाडीपाशी दंताळं टाकलं तर त्याला येईल काळा गाळ, प्लॅस्टिक आणि चिंध्या. वनस्पतींच्या रकान्यात शून्य लिहावं लागेल. हे शून्य लिहिणं फुकटचं नाही. काकोळ्याच्या बाजूला, अंबरनाथच्या मंदिराजवळ, उल्हासनगरात आणि विठ्ठलवाडीला अशा चार ठिकाणी एकाच दिवशी दंताळं टाकलं तर नदी नेमकी कुठे मरते हे चार ओळींत कळेल, आणि कुणावर बोट ठेवायचं याचा पल्ला काही किलोमीटरांवर येईल. सुधारणा झाली तर तीही इथेच आधी दिसेल. प्रदूषण पचवणाऱ्या जाती ठाऊक आहेत, बारीक पानांचा पोटॅमोजेटॉन आणि सेराटोफायलम त्यांत पुढे. शून्याच्या जागी यांपैकी एखादीचं नाव लागलं तर सांडपाणी केंद्राच्या उद्घाटनापेक्षा ती बातमी मोठी असेल.

हे काम कुणी करायचं? कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयासारख्या ठिकाणी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांतल्या प्रत्येक तुकडीने तेच बिंदू, तोच महिना, तीच पद्धत धरली तर पाच वर्षांत जी वही तयार होईल ती आज कुठल्याही खात्याकडे नाही. अडचण एकच, विद्यार्थ्यांना दर वर्षी नवा विषय हवा असतो आणि मार्गदर्शकांनाही. नोंद ठेवण्याच्या कामाला आपल्याकडे संशोधन मानत नाहीत.

नगरपालिकांना मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. जलपर्णी काढायच्या निविदेत एककच बदलता येईल. पैसे टनावर देण्याऐवजी ठरलेल्या पट्ट्यातला पृष्ठभाग किती दिवस मोकळा राहिला यावर द्यायचे, आणि तो उपग्रहाच्या चित्रांवरून दर पाच दिवसांनी तपासायचा. मग ठेकेदार एप्रिलमध्ये पूर्ण चादर उचलायला धावणार नाही. नोव्हेंबरातच, पुंजके सुटे असताना, दोन माणसं आणि एक नाव लावेल, कारण पन्नास दिवसांचं गणित त्यालाही कळतं. मेख एवढीच, की असा ठेका जून ते सप्टेंबरला लागू ठेवला तर पुराने धुतलेल्या नदीचे पैसे त्याला घरबसल्या मिळतील. म्हणून मुदत नोव्हेंबर ते मेअखेर अशीच हवी. शिवाय करारात एक कलम वाढवावं लागेल, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात महिन्यातून एकदा तबकडी आणि दंताळं टाकायचं आणि ती नोंद बिलाला जोडायची. दोन्ही साधनं मिळून जो खर्च येईल तो पोकलेनच्या एका दिवसाच्या भाड्यात बसावा.